खाऱ्या पाण्याच्या टाकीतील उपद्रवी समुद्रफुलांचा बंदोबस्त

खडकाच्या एखाद्या फटीतून तपकिरी, अर्धपारदर्शक आणि लहानशा ताडाच्या झाडासारखे काहीतरी डोलताना दिसले, की नव्या हौशी माणसाला आनंद होतो आणि तो त्याला तसेच वाढू देतो. ते बहुधा आयप्टेशिया जातीचे समुद्रफूल, म्हणजेच ॲनिमोन हा खडकाला चिकटून राहणारा प्राणी असतो. ते कोणी विकत आणलेले नसते. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री खडकाच्या, छिद्रातून किंवा प्रवाळाच्या तुकड्याच्या बुडाला चिकटून ते टाकीत शिरलेले असते. पहिले समुद्रफूल दिसेल त्याच दिवशी हालचाल करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एकट्या समुद्रफुलाचा नायनाट पाच मिनिटांत होतो, पण शंभरांच्या वसाहतीला काही महिने द्यावे लागतात.

आधी ओळख पक्की करावी. आयप्टेशियाचा देठ लांब असून त्याचे संस्पर्शक, म्हणजे मुखाभोवतीचे तंतू, बारीक व टोकदार असतात, आणि सावली पडताच ते झटकन फटीत ओढले जाते. मजानो हे दुसरे उपद्रवी समुद्रफूल मात्र आखूड व जाड असते, त्याच्या संस्पर्शकांची टोके किंचित फुगीर असतात आणि रंगात पुष्कळदा हिरवट झाक असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आयप्टेशिया खाणारे बहुतेक प्राणी मजानोला तोंड लावत नाहीत. पिसांसारखा झुबका असलेले आणि कडक नळीत शिरणारे नळीकृमीही अनेकदा समुद्रफूल समजून मारले जातात. ते निरुपद्रवी असल्याने त्यांना राहू द्यावे.

ही समुद्रफुले इतकी चिवट का, हे समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि ते प्रकाशातून अन्न तयार करून त्यांना पुरवते, त्यामुळे माशांचे खाणे कमी केल्याने त्यांची वाढ मंदावली तरी ती मरत नाहीत. (प्रवाळ आणि शैवाल यांचे सहजीवन अभ्यासण्यासाठी प्रयोगशाळांत आयप्टेशियाच मुद्दाम पाळले जाते, ते याच शैवालामुळे आणि चिवटपणामुळे.) शिवाय खडकावरून सरकताना त्यांच्या बुडाचे बारीक तुकडे मागे राहतात आणि अशा प्रत्येक तुकड्यापासून नवे समुद्रफूल उगवू शकते. म्हणूनच त्यांना चिमट्याने ओढणे, ब्रशने घासणे किंवा सुरीने खरवडणे म्हणजे त्यांची लागवड करणेच होय. डिवचल्यावर आयप्टेशिया दंशकोशिकांनी भरलेले पांढरे धागेही बाहेर टाकते, आणि शेजारच्या प्रवाळाला त्यांची झळ बसते.

संख्या थोडी असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. मत्स्यालयासाठी मिळणारी शुद्ध भुकटी घेऊन ती आर-ओ पाण्यात, सिरिंजमधून जेमतेम बाहेर पडेल इतकी दाट कालवावी. हा लेप तीव्र अल्कधर्मी असून त्याने कातडी व डोळे भाजतात, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कामाला लागू नये. सर्व पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावे. मग सिरिंजचे टोक अगदी सावकाश जवळ नेऊन, समुद्रफुलाला स्पर्श न करता, उघड्या मुखावर लेप सोडावा, आणि ते आत ओढले जात असतानाच उरलेल्या लेपाने फट बुजवून टाकावी. त्यानंतर पंधरा मिनिटे पंप सुरू करू नयेत, नाहीतर लेप उडून प्रवाळांवर बसतो. एका वेळी चार-पाचच समुद्रफुले हाताळावीत आणि नंतर पीएच मोजावा, कारण लहान टाकीत तो पाहता पाहता चढतो. आठवड्याभराने आजूबाजूला पिल्ले दिसली, तर पुन्हा तेच करावे. सुईने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टोचण्याची पद्धतही चालते, परंतु नेम चुकला की समुद्रफूल खोल दडी मारते.

खडक बाहेर काढता येत असेल, तर समुद्रफुलाच्या बुडाखालचा खडकाचा कपचाच कापून काढावा. मात्र खडक उकळण्याचा किंवा त्यावर उकळते पाणी ओतण्याचा विचारही करू नये. झोअँथिड गटातील काही प्रवाळांत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते, आणि असे खडक उकळताना निघालेल्या वाफेने विषबाधा होऊन घरातल्या माणसांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या नोंदी आहेत. तांबेयुक्त औषधेही वापरू नयेत, कारण त्यांनी प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

समुद्रफुले सर्वत्र पसरली असतील, तर त्यांना खाणारे प्राणी आणणेच शहाणपणाचे ठरते. बर्गिया ही कवच नसलेली इवलीशी समुद्री गोगलगाय केवळ आयप्टेशियावर जगते, त्यामुळे प्रवाळांना तिच्यापासून धोका नाही, आणि म्हणूनच माझी पहिली पसंती तिलाच आहे. ती रात्री वावरते, म्हणून कित्येक आठवडे काहीच घडत नाही असे वाटते. तेवढा धीर धरावा. पंपाच्या तोंडाला स्पंज लावावा आणि टाकीत रास (wrasse) गटातील मासे असतील तर ते तिला खातात हे लक्षात ठेवावे. आयप्टेशिया संपले की ती उपाशी मरते, तेव्हा त्याआधीच ती गरजू हौशी व्यक्तीला द्यावी. पेपरमिंट कोळंबी स्वस्त आणि काटक असते, पण प्रत्येक कोळंबी समुद्रफूल खाईलच असे नाही. तिच्यासारखी दिसणारी, पाठीवर कुबड असलेली कॅमल कोळंबी तर प्रवाळच कुरतडते. बर्गिया आणि पेपरमिंट कोळंबी एकत्र ठेवू नयेत. कॉपरबँड बटरफ्लाय मासा आयप्टेशिया आवडीने खातो, परंतु तो नाजूक असतो आणि नव्या टाकीत पुष्कळदा अन्नाला तोंडच लावत नाही, त्यामुळे केवळ या कामासाठी त्याला आणणे मला योग्य वाटत नाही.

नवा प्रवाळ टाकीत सोडण्यापूर्वी त्याचा प्लग, म्हणजे तो चिकटवलेली छोटी बैठक, काढून टाकावा आणि त्याला काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे, कारण नेहमीच्या डिपने, म्हणजे कीड मारण्यासाठी प्रवाळ बुडवण्याच्या द्रावणाने, आयप्टेशिया मरत नाही. मुख्य टाकी स्वच्छ दिसू लागल्यावरही सम्प (गाळणीची खालची टाकी), ओव्हरफ्लोची (मुख्य टाकीतले पाणी सम्पकडे सोडणारी) पेटी आणि नळ्यांची तोंडे दर पंधरवड्याला विजेरीने तपासावीत, कारण नवी पिल्ले पुष्कळदा तिथूनच परत येतात.