लायनफिश मारायला निघताय? थर्मास भरा

फ्लोरिडात लायनफिश मारायला परवान्याचं लचांड नाही. पोल स्पिअर (रबरी पट्ट्याच्या जोरावर सोडायचा हातातला भाला) वापरणार असाल तर मासेमारीचा परवाना लागत नाही. किती मारावेत, केवढे मारावेत यालाही मर्यादा नाही. मासा मूळचा हिंदी-प्रशांत महासागराकडचा, इथे १९८५ साली पहिल्यांदा दिसला. मादी वर्षाला २० लाखांच्या आसपास अंडी घालते, तेव्हा दयामाया नको. जागा मात्र तपासा, जॉन पेनेकॅम्प उद्यानात भाला चालत नाही.

डायव्हिंगचं सामान, म्हणजे मास्क, फिन्स, हवेची टाकी, तुमचं तुम्ही बघा.

आता थर्मास. दोन घ्या, मोठे, आणि निघताना उकळतं पाणी भरा. सोबत बादली आणि थर्मामीटर. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं, आणि बोटीवर होता फक्त बर्फ. माशाचा विषारी काटा लागल्यावर बर्फाचा उपयोग शून्य! विष प्रथिनांचं, ते उष्णतेने मोडतं. हात ४३ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, अर्धा ते दीड तास. तेवढ्या वेळात पाणी निवतं, पुन्हा गरम ओतावं लागतं (ओतताना हात बाहेर), म्हणून एक थर्मास पुरत नाही. पाणी थर्मामीटरने बघा, नाहीतर चांगल्या हाताने. ठणकणाऱ्या हाताला अंदाज येत नाही, वर भाजून घ्याल. ‘बोटीवर असेल की गरम पाणी’ असं म्हणू नका. असलं तरी न्या.

हातमोजे जाड हवेत, नेहमीचे निओप्रीनचे काटा अडवत नाहीत. जाड मोज्यांच्या भरवशावरही मासा धरू नका. विषारी काटे १८: पाठीवर १३, पोटाखाली २, शेपटीजवळ खालच्या बाजूला ३. पंख्यासारखे पसरलेले बाजूचे पर दिसायलाच भयंकर, त्यांत विष नाही. मारलेले मासे कडक प्लास्टिकच्या नळकांड्यात टाका. जाळीच्या पिशवीत भरणारेही असतात. ती पिशवी मांडीला घासते, पुढचं सांगायला नको.

डायव्हिंगचा झेंडा (खाली माणूस आहे हे इतर बोटींना सांगणारा) कायद्यानेच लागतो. थर्मास भरला का?

वर आल्यावर: मेलेल्या माशाचे काटेही विषारीच. कात्रीने कापा, घट्ट डब्यात टाका. मांसात विष नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा. दम लागला, भोवळ आली, छातीत दुखलं तर बादलीपाशी बसू नका, थेट हॉस्पिटल. बर्फही घ्या, पण मासे ठेवायला.