बास ट्रॉम्बोन घेताना: व्हॉल्व्ह कोणता, तपासायचा कसा

टेनर काय, बास काय, ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं, म्हणजे स्लाइडचं, पितळी वाद्य) बी-फ्लॅटचाच; मूळ लांबी सारखी. बासचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, मात्र साधारण ०.५६२ इंच, बेल (पसरट तोंड) ९.५ इंचांच्या आसपास, आणि दाबला की जादा नळी जोडून वाद्य एफमध्ये नेणाऱ्या एफ व्हॉल्व्हच्या जोडीला बहुधा दुसरा व्हॉल्व्ह. एफ दाबून खालचा सी स्लाइडच्या पार टोकाला कसाबसा लागतो, त्याखालचा बी लागतच नाही. दोन्ही दाबले की वाद्य डीमध्ये जातं आणि हे सूर हातात येतात.

डिपेंडंट रचनेत दुसरा व्हॉल्व्ह एफच्या वळणावर बसतो, पहिल्याशिवाय चालत नाही. व्हॉल्व्ह न दाबता मोकळं वाजवताना हवा एकाच व्हॉल्व्हमधून जाते. इन्लाइनमध्ये दुसरा एकटाही चालतो, बहुधा जी-फ्लॅट देतो; पण हवेला कायम दोन व्हॉल्व्ह ओलांडावे लागतात. म्हणून इन्लाइनला व्हॉल्व्हचा प्रकार जास्त जाणवतो.

साध्या रोटरीत (गोल फिरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) हवेला तीव्र वळणं, फुंकताना थोडा अडथळा. थेयरच्या शंकूसारख्या व्हॉल्व्हमधून ती जवळजवळ सरळ जाते. वाजवायला झकास, पण आकाराने मोठा, तेल वारंवार मागतो, आणि स्प्रिंगचा ताण बिघडला की अडतो किंवा गळतो. स्वित्झर्लंडच्या हागमनचा व्हॉल्व्ह या दोन्हींच्या मधला.

बेळगाव-खानापूरचा पाऊस आणि विसर्जनाची रात्रभराची मिरवणूक धरली तर आमचं मत साध्या रोटरीला. पितळी वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला ती ओळखीची असते. थेयर नीट बसवणारा माणूस आधी शोधा, मग पैसे मोजा.

जुनं वाद्य घेताना व्हॉल्व्ह न दाबता त्याची ट्यूनिंग स्लाइड (त्याच्या नळीचा सरकता तुकडा) ओढून काढा. ‘पॉक’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा स्लाइड हवा सोडते. दोन्ही व्हॉल्व्हना हेच करा. मग रोटरीचं मागचं झाकण उघडा. आतल्या खुणा लिव्हर सोडल्यावर आणि दाबल्यावर, दोन्ही वेळा जुळाव्यात. जुळत नसतील तर बहुधा बंपर (रोटर जागेवर थांबवणारे मऊ अडसर) झिजलेत. खर्च किरकोळ, पण तोवर सूर कोंडल्यासारखा येतो. मुख्य स्लाइड उभी धरून बाहेरची नळी सोडा, खाली हात ठेवूनच. मध्येच अडली तर पोचा किंवा वाकडी नळी. हे काम महागात पडतं.

लिव्हरला दोरी असेल तर बिघाड सोपा. मासे धरायची विणीची दोरी जवळ ठेवा, तुटली की मिरवणुकीतही बदलता येते.