अमेरिकेच्या रोडट्रिपवर तंबूसाठी फुकट जागा कशी शोधावी

रोडट्रिपला निघालेल्या आपल्या मंडळींचे निम्मे पैसे मोटेलवर जातात. गंमत म्हणजे जिथे मोटेल सगळ्यात महाग, तिथेच बऱ्याचदा हाकेच्या अंतरावर तंबू ठोकायला फुकट जागा असते. ग्रँड कॅन्यनचंच घ्या. साउथ रिमवरच्या मॅदर कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातल्या तारखा बघता बघता संपतात. पण पार्काच्या दक्षिण दारातून बाहेर पडलं की टुसायान गावाभोवती कायबाब नॅशनल फॉरेस्ट पसरलेलं आहे. तिथे पाइनखाली राहायला बुकिंग लागत नाही की पैसे लागत नाहीत. नळ, संडास, कचरापेटीही नसते म्हणा. याला इकडे ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात.

आधी जमीन कुणाची ते बघा

सगळा खेळ इथेच आहे. नकाशावरचा हिरवा रंग बघून भुलू नका. नॅशनल पार्कमध्ये रस्त्याकडेला कुठेही तंबू लावता येत नाही. तिथे कॅम्पग्राउंड तरी हवं किंवा आतल्या रानात राहण्याचं परमिट तरी. फुकट मुक्काम मुख्यतः दोन मालकांच्या जमिनीवर मिळतो. एक नॅशनल फॉरेस्ट, सुमारे १९.३ कोटी एकर. दुसरा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, सुमारे २४.५ कोटी एकर. एकट्या बीएलएमच्या जमिनीत तीन महाराष्ट्र बसून वर जागा उरेल, पण ती जवळजवळ सगळी पश्चिमेकडच्या राज्यांत आणि अलास्कात. न्यू जर्सी किंवा व्हर्जिनियाहून निघणाऱ्यांनी बीएलएम विसरावं आणि जॉर्ज वॉशिंग्टन, पिस्गा अशी नॅशनल फॉरेस्ट बघावीत.

‘स्टेट ट्रस्ट लँड’ नावाचा तिसरा प्रकार फसवतो. नाव सरकारी असलं तरी ती जमीन सगळ्यांना मोकळी नसते. ॲरिझोनात तिथे राहायला वेगळं, पैसे भरून परमिट लागतं.

मग एमव्हीयूएम उतरवून घ्या

नॅशनल फॉरेस्टचा ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’, म्हणजेच एमव्हीयूएम, फुकट मिळतो. दिसायला रुक्ष, काळापांढरा. पण कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे ते फक्त त्यावरून कळतं. काही रस्त्यांच्या कडेने टिंबांची रांग असते: तिथे मुक्कामासाठी गाडी रस्त्यावरून थोडी आत घेता येते. किती आत, ते त्याच नकाशावर लिहिलेलं असतं. कुठे ३० फूट, कुठे ३०० फूट. घरूनच ॲव्हेंझा या नकाशांच्या ॲपमध्ये तो उतरवून ठेवा, म्हणजे रेंज नसतानाही तुमचा निळा ठिपका त्यावर चालत राहतो. फ्रीकॅम्पसाइट्स किंवा आयओव्हरलँडर अशा ठिकाणी लोकांनी टाकलेले फुकट जागांचे पिन जरूर बघा, पण जागा सुचण्यापुरतेच. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेल्या पिनला आज परवानगी असेलच असं नाही.

रेंजर स्टेशनला फोन करा

रेंजर स्टेशन म्हणजे त्या फॉरेस्टचं स्थानिक ऑफिस. आपल्याला फोन करायचा संकोच वाटतो, तो इथे सोडा. तीनच प्रश्न विचारायचे: अमुक नंबरचा रस्ता उघडा आहे का, साध्या सेडानने जाता येईल का, आणि सध्या आगीचे निर्बंध काय आहेत. त्याच फोनवर किती दिवस राहता येतं तेही कळतं; बीएलएमवर साधारण २८ दिवसांत १४. कॅलिफोर्नियात अशा जागी चहापुरता गॅस पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं. ते ऑनलाइन फुकट मिळतं. गाडी भाड्याची असेल तर करारही वाचा, कच्च्या रस्त्यावर नेल्यास विमा लागू होत नाही असं बऱ्याच करारांत असतं.

उजेडात पोहोचा

फॉरेस्टच्या रस्त्यांचे नंबर पाट्यांवर असतात. आकडे आडवे लिहिलेले असतील तर रस्ता बहुधा साध्या गाडीचा. एकाखाली एक उभे असतील तर जमिनीपासून उंच बसणाऱ्या गाडीशिवाय आत शिरू नका. ही खूण रात्री हेडलाइटमध्ये हमखास सुटते.

आम्ही एकदा अकरा वाजता पोहोचलो, सपाट जागा दिसली, तंबू ठोकला. पहाटे पाचला कापडाला काहीतरी घासायला लागलं. चेन उघडली तर समोर गाईचं नाक! अंधारात आम्ही गुरांच्या पाणवठ्याला चिकटून पथारी टाकली होती, आणि वीसेक गाई आम्ही उठायची वाट बघत उभ्या होत्या. ॲरिझोनात जनावरांची वाट अडेल असं पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत राहणं कायद्याने गुन्हा आहे, हे मला नंतर कळलं.

तेव्हा जागा निवडताना आधी तंबू पडून मातीचा टणक चौकोन झालेला, जुनी चूल असलेली जागा घ्या. नवीन गवत तुडवू नका. वर बघा, वाळकी फांदी नको. कोरड्या ओढ्याची मऊ वाळू झोपायला मोहात पाडते, पण ॲरिझोनातही जुलै ते सप्टेंबर पाऊस असतो आणि त्याला तिथे मान्सूनच म्हणतात. दूर डोंगरावर पडलेलं पाणी तुमच्या डोक्यावर चांदणं असताना येऊन धडकतं.

पाणी, शिधा आणि शौच

माणशी दिवसाला चार लिटर पाणी, स्वयंपाकाचं वेगळं. खिचडी-पोह्यांचा बेत उत्तम, पण फोडणीचा वास रानात लांब जातो. उरलेलं अन्न, टूथपेस्टसुद्धा, तंबूत ठेवू नका. अस्वलांच्या काही भागांत गाडीतही चालत नाही. तिथे अस्वलाला न उघडणारा डबा लागतो. शेकोटीला परवानगी असेल तर निघताना पाणी ओता, ढवळा, आणि राख उघड्या हाताला गार लागेपर्यंत पुन्हा ओता.

शौचाला पाणी, वाट आणि तंबू यांपासून २०० फूट, म्हणजे सत्तरेक ढांगा लांब जा. सहा ते आठ इंच खड्डा खणा आणि बुजवा. कागद पिशवीत घालून परत आणायचा. वाळवंटात मात्र काही लवकर कुजत नाही, म्हणून युटामध्ये मोआबभोवतीच्या बीएलएमच्या बऱ्याच जागी मैलाही पिशवीत बांधून बाहेर न्यावा लागतो. त्यासाठी ‘वॅग बॅग’ नावाच्या जाड पिशव्या मिळतात, आत वास घालवणारी पूड असते. पहिल्यांदा जिवावर येतं. आम्ही ती पिशवी झाकणाच्या बादलीत घालून गाडीच्या टपावर बांधतो.