रिओत साओ बेंतो मठ बघणार असाल तर

रिओला गेलात तर साओ बेंतो मठाचं चर्च चुकवू नका, आणि जमलं तर रविवारी सकाळी १० च्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला जा, कारण तेव्हा तिथले बेनेडिक्टाइन साधू ग्रेगोरियन चांट, म्हणजे चर्चमधली जुनी लॅटिन प्रार्थनागीतं गातात. जागा हवी असेल तर अर्धा तास तरी आधी पोचा. बाहेरून एकदम साधं दिसतं, मला तर वाटलं आपण चुकीच्या पत्त्यावर आलो, पण आत पाऊल टाकलं की भिंती, खांब, कमानी सगळीकडे लाकडावर कोरलेली वेलबुट्टी आणि त्यावर सोन्याचा मुलामा! ओल्ड गोव्यातल्या चर्चमधल्या सोनेरी आल्तारी (वेदी) आठवतात, शेवटी दोन्हीकडे पोर्तुगीजच ना, फक्त इथे ते सोनं आल्तारापुरतं थांबत नाही. आत जरा अंधार असतो, त्यामुळे दोन मिनिटं डोळे सरावू द्या, मग कोपऱ्याकोपऱ्यातले छोटे देवदूत दिसायला लागतात.

हाफ पँट, बिनबाह्यांचे टॉप नकोत, आणि मिस्सा चालू असताना मोबाईल खिशातच बरा. मठ टेकडीवर आहे, चढ नको असेल तर खालच्या रुआ दोम जेरार्दो या रस्त्यावरून लिफ्ट आहे. रविवारी तो ऑफिसांचा भाग अगदी सामसूम असतो, म्हणून गल्ल्यांतून रेंगाळू नका, सरळ प्रासा माउआ या जवळच्या चौकाकडे निघा.