‘कमी पगारातही करेन’ म्हणालात की संपलं: जर्मनीत नोकरी शोधताना या चुका टाळा

माझी पहिली मुलाखत श्टुटगार्टजवळच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत झाली. पगाराचा विषय निघाला तेव्हा मी मोठ्या हुशारीनं म्हणालो, इथल्या माणसाला देता त्याहून थोडं कमी दिलंत तरी चालेल, मला आधी पाय रोवायचेत. चिंचवडला असं बोललो असतो तर साहेब खूश झाला असता. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘तसं केलं तर तुमचा व्हिसाच होणार नाही.’’ मला वाटलं, गोड बोलून कटवताहेत. पण त्या अगदी खरं तेच सांगत होत्या.

नंतरच्या वर्षांत गावाकडच्या बऱ्याच पोरापोरींचे कागद पाहिले. बहुतेकांच्या चुका त्याच त्याच असतात, म्हणून हे लिहितोय.

स्वस्तात मिळणं हे तिथं भांडवल नाही

परदेशी माणसाला कामावर घ्यायचं तर बहुतेक प्रकरणांत जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते. बुंडेसआगेंटूर फ्यूर आर्बाइट असं तिचं लांबलचक नाव. त्याच भागात, त्याच कामासाठी जर्मन माणसाला जो पगार, जे तास आणि ज्या सुट्ट्या मिळतात, त्यापेक्षा याला कमी मिळत नाही ना, हे ती संस्था पाहते. पूर्वी आणखी एक चाळणी असायची: या जागेसाठी जर्मन किंवा युरोपातला माणूस मिळतोय का, ते आधी शोधा. मार्च २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं पात्र कुशल कामगारांसाठी ती चाळणी बहुतांशी काढून टाकली. पगाराची तपासणी मात्र ठेवली. कारण उघड आहे. बाहेरून स्वस्त माणूस आणून घरच्या माणसाचा पगार पाडायचा नाही, या अटीवरच तिथल्या कामगार संघटना परदेशी माणसांच्या येण्याला राजी होतात.

या भांडणाला जुना इतिहास आहे. २००० साली चॅन्सलर श्र्योडर यांनी संगणक तंत्रज्ञांसाठी २०,००० जणांची ‘ग्रीन कार्ड’ योजना आणली. त्याच वर्षी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे उमेदवार युर्गेन रुटगर्स यांच्या प्रचारातून ‘किंडर श्टाट इंडर’ ही घोषणा गाजली. म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुलं. ती निवडणूक ते हरले. पुढे २००५ मध्ये त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले, हा भाग निराळा.

तेव्हा पगार आधी आकड्यात तपासा. ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधर कुशल परदेशी माणसांना मिळणाऱ्या वास्तव्य-परवान्यासाठी, वर्षाचा कर कापण्याआधीचा किमान पगार २०२५ मध्ये ४८,३०० युरो होता, २०२६ साठी तो ५०,७०० आहे. टंचाईच्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना थोडी सूट आहे: २०२५ ला सुमारे ४३,७६० आणि २०२६ ला सुमारे ४५,९३४. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. डिसेंबरात करार हाती आला आणि अर्ज जानेवारीत केला, एवढ्यावरून माझ्या ओळखीच्या एकाचं गाडं अडलं. कंपनीनं करार सुधारून दिला म्हणून निभावलं. वय ४५ च्या पुढे असेल आणि पहिल्यांदाच जात असाल तर ब्लू कार्डाखेरीज इतर कुशल-कामगार व्हिशांसाठी पगाराची पट्टी आणखी वर जाते, किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. हे एजंट सहसा सांगत नाही.

‘जर्मनीला माणसं हवीत’ हे अर्धंच ऐकणं

हवीत, खरंच हवीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, सुरुवातीला १०,००० जण पाठवायचे असं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे व्यवसाय त्यात होते. बातमी आली आणि आमच्याकडच्या मेकॅनिकल इंजिनीअरांनीही बॅगा झटकायला घेतल्या.

पण त्याच बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मुख्यालय असलेल्या झेडएफ या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीनं जुलै २०२४ मध्ये जर्मनीतल्या १४,००० पर्यंत नोकऱ्या २०२८ अखेर कमी करू असं जाहीर केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशनं आणखी १३,००० चा आकडा सांगितला. म्हणजे एकाच राज्यात इस्पितळाला नर्स मिळत नाही आणि वीस वर्षं गिअरबॉक्स डिझाइन केलेला, श्वेबिश बोलीत विनोद करणारा माणूस नोकरी शोधत हिंडतोय. तुम्ही मेकॅनिकल डिझाइनवाले असाल तर तुमची स्पर्धा त्याच्याशी आहे. ‘देशात टंचाई आहे’ या वाक्यात तुमचा व्यवसाय बसतो का, हे गावानिशी बघा. रोजगार संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या कामाचा जर्मन शब्द टाकून, पन्नास किलोमीटरच्या घेरात जाहिराती किती आहेत ते मोजा. इंग्रजी जाहिरातींवरून अंदाज बांधू नका, त्या फार थोड्या असतात आणि त्यांच्यावर सगळं जग तुटून पडतं.

पदवी आहे म्हणजे झालं, असं धरून चालणं

इथं लोक सर्वांत जास्त अडकतात. व्यवसाय दोन जातींचे आहेत. डॉक्टर, नर्स यांसारखे व्यवसाय कायद्यानं बांधलेले. त्यांना मान्यतेशिवाय कामच करता येत नाही. सॉफ्टवेअर, कंपनीतलं यंत्र-डिझाइन हे बांधलेले नाहीत, पण व्हिशासाठी तुमची पदवी तिथल्या पदवीशी तुल्य आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी ‘आनाबिन’ नावाची यादी आहे. आपलं विद्यापीठ तिथं ‘एच प्लस’ म्हणजे मान्यताप्राप्त आहे का आणि आपली पदवी त्यात आहे का, दोन्ही बघायचं. नुसतं विद्यापीठ बघून लोक खूश होतात आणि दूतावासातून कागद परत येतो. पदवी यादीत नसेल तर तिचं वेगळं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून ते नोकरी शोधण्याच्या आधी करा.

पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा ही तिथं विद्यापीठाची पदवी धरत नाहीत. आयटीआयचंही तेच. तिथला इलेक्ट्रिशियन साडेतीन वर्षं शिकतो, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत. त्याच्याशी तुमचं प्रमाणपत्र ताडून पाहण्याचं काम कारखानदारीतल्या व्यवसायांसाठी न्युर्नबर्गची ‘इहाका फोसा’ ही संस्था करते. बहुतेकदा ‘अंशतः तुल्य’ असा शेरा येतो आणि लोक निराश होतात. निराश होऊ नका, तो नकार नाही. काय कमी पडतं ते त्यात लिहिलेलं असतं आणि तेवढंच तिथं जाऊन पुरं करता येतं. डिप्लोमावाल्यांसाठी आणखी एक वाट आहे: दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेला पगार (२०२५ मध्ये ४३,४७० युरो). संगणकवाल्यांना तर मागच्या सात वर्षांत तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा अनुभव असेल तर पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकतं.

अनुभवाचं पत्र मात्र खरं लागतं. आपल्याकडची ‘यांनी आमच्याकडे मन लावून काम केले’ छापाची दोन ओळींची पत्रं तिथं कोणी धरत नाही. काय काम केलं, कोणत्या यंत्रावर, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं हवं. जुन्या कंपनीशी संबंध चांगले असतानाच ते मागून घ्या.

परीक्षा पास, पण फोन उचलता येत नाही

नर्सला जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते (ए-१ सर्वांत खालची, मग ए-२, बी-१, बी-२). मिरजेची एक ओळखीची मुलगी बी-२ चांगल्या गुणांनी पास होऊन गेली. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा तिला म्हणाले, मला ‘क्रॉइत्स’मध्ये आहे. क्रॉइत्स म्हणजे क्रूस, हे ती शिकली होती. तिला वाटलं, आजोबांना प्रार्थना करायची आहे. आजोबांची कंबर दुखत होती. बोलीत कमरेलाही क्रॉइत्सच म्हणतात. ही गोष्ट ती आता हसून सांगते, तेव्हा रडली होती.

मान्यता पूर्ण होईपर्यंत नर्सला सहसा मदतनीस म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं. मग ज्ञानपरीक्षा द्यायची किंवा पूरक प्रशिक्षण घ्यायचं. भाषा कच्ची असेल तर हा काळ लांबतच जातो. क्लासचे पैसे वाचवून थेट परीक्षेची घोकंपट्टी करणारे इथंच मार खातात. इंजिनीअरांनो, ‘ऑफिसात इंग्रजी चालतं’ यावर विसंबू नका. ऑफिसात चालतं, पण जेवणाच्या सुट्टीत चालत नाही, आणि पुढचं काम कोणाला द्यायचं ते बहुधा जेवणाच्या सुट्टीतच ठरतं. ब्लू कार्डावर बी-१ असेल तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज २१ महिन्यांत करता येतो, ए-१ वर २७.

रात्री नऊपर्यंत बसून दाखवणं

पगार कमी सांगणं जमलं नाही, म्हणून मी आपलं दुसरं देशी हत्यार काढलं: जास्त वेळ काम. दोन महिने रोज उशिरापर्यंत थांबलो. कौतुक होईल अशी आशा होती. एक दिवस कामगारांनीच निवडून दिलेल्या कामगार परिषदेचा, बेट्रीब्सराटचा, माणूस टेबलाशी आला. कायद्यानं दिवसाचं काम आठ तास, फार तर दहा, आणि दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती सक्तीची. मी नियम मोडतोय आणि दंड कंपनीला होईल, असं त्यानं शांतपणे सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मात्र स्पष्ट बोलला: ‘‘तू नऊपर्यंत बसलास की उद्या आमच्याकडूनही तीच अपेक्षा करतील.’’ तोवर मला वाटत होतं, याचं माझ्याशी वाकडं आहे ते मी भारतीय म्हणून.

साडेपाचला निघायला लागलो आणि त्यानं मला कँटीनमध्ये स्वतःहून हाक मारली. मोठ्या कंपनीत नवा माणूस घेण्याआधी या परिषदेला विचारावं लागतं, हेही मला तेव्हाच कळलं.

एजंट

थोडक्यात सांगतो. नर्सकडून भरतीचे पैसे मागणारा एजंट दिसला की उठून या. जर्मन सरकारी यंत्रणेच्या ‘ट्रिपल विन’सारख्या कार्यक्रमात नर्सला भरतीचं शुल्क द्यावं लागत नाही. करारात ‘आधी सोडलंत तर इतके युरो परत’ असं कलम असेल तर सही करण्याआधी ते कोणाकडून तरी समजून घ्या.

नोकरी गेली तर

पहिले सहा महिने परिविक्षेचे (प्रोबेशनचे), त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार संस्थेत नाव नोंदवा आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवा. लपवून ठेवणारेच पुढे जास्त अडकतात. ब्लू कार्डवाल्याला नवी नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. मागच्या तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला असेल तर बेकारभत्त्यावर तुमचाही हक्क आहे, तो दान नव्हे. सहा महिने उलटून गेले असतील आणि काढून टाकलं हे अन्याय्य वाटत असेल, तर कामगार न्यायालयात जायला फक्त तीन आठवडे असतात.

पण सध्या लोकांना काढत नाहीत, गोड बोलून ‘आउफहेबुंग्सफरट्राग’ पुढे करतात. म्हणजे परस्परसंमतीनं करार संपवतो, असा कागद. त्यावर सही केलीत की नोकरी तुम्हीच सोडली असं धरून बेकारभत्ता बारा आठवडे रोखला जाऊ शकतो. कागद घरी न्या, वकिलाला किंवा कामगार संघटनेला दाखवा, मग ठरवा. एका मराठी मित्राबरोबर मी असा कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यावर त्याची सही आधीच झालेली होती. ‘‘कॉफी दिली, केक दिला, कंपनीच्या बाई इतक्या चांगल्या वागल्या,’’ तो म्हणाला, ‘‘नाही कसं म्हणायचं?’’