पंचिंग बॅग मारताना हात दुखतात? या चुका टाळा

बॅगवर सराव सुरू केला की पहिल्या आठवड्यात खांदे आणि दंड भरून येतात, ते चालायचंच. मुठीचे सांधे किंवा मनगट दुखायला लागलं मात्र, तर 'होईल सवय' म्हणून रेटू नका. बहुतेक जण अशा वेळी आणखी महागडे ग्लोव्हज शोधायला लागतात आणि गल्लत तिथेच होते. ग्लोव्हजचा फोम मार झेलतो. पण हाताची बारीक हाडं घट्ट धरून ठेवायची आणि मनगट सरळ राखायचं, हे काम ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या लांब कापडी पट्टीचं. ग्लोव्हजवर हजारो रुपये घालणारा माणूस दोन-चारशेच्या पट्टीसाठी कुरकुरतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पट्टीऐवजी हातमोज्यासारखे घालायचे जेलचे इनर मिळतात. घाईत बरे पडतात, पण त्यांतल्या बऱ्याच प्रकारांत मनगटाला आधार जवळजवळ नसतो. नवशिक्याने ती सवय लावून घेऊ नये. मोठ्या माणसाच्या हाताला 180 इंची, म्हणजे साधारण साडेचार मीटरची पट्टी घ्या. 108 किंवा 120 इंची पट्टी लहान मुलांना ठीक. मोठ्या हातावर ती मनगट किंवा सांधे, दोन्हींपैकी एकालाच पुरते.

पट्टी बांधताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मूठ आवळून बांधणं. बोटं पूर्ण फाकवा. पट्टीच्या टोकाला असलेल्या फासात अंगठा अडकवा, पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या आणि मनगटाला तीन वेढे द्या. मग मुठीच्या सांध्यांवरून तीन-चार वेढे, बोटांच्या फटींतून एकेक फेरा, अंगठ्याला एक, आणि उरेल ती पुन्हा मनगटावर. नीट बांधलेली पट्टी हात उघडा असताना जरा सैल वाटते आणि मूठ वळली की आवळते. बोटांची टोकं झिणझिणली किंवा निळसर दिसली तर लगेच सोडून परत बांधा. एक राऊंड मारून झाला की ग्लोव्हज काढून बघा: सांध्यांवरची पट्टी मनगटाकडे सरकलेली असेल, तर पुढचे सगळे ठोसे तुम्ही उघड्या सांध्यांवर घेणार आहात.

आता ग्लोव्हज. औंस हे ग्लोव्हजचं वजन आहे, हाताचं माप नव्हे. 12 औंस म्हणजे एका ग्लोव्हचं वजन सुमारे 340 ग्रॅम. बॅगसाठी ढोबळमानाने साठ किलोच्या आसपासच्या माणसाला 12, सत्तर-ऐंशीच्या माणसाला 14 आणि त्यावर 16 औंस असं धरून चला. दुकानात जाताना पट्टी सोबत न्या आणि ती बांधूनच ग्लोव्हज घालून बघा. नुसत्या हाताला छान बसलेला जोड घरी पट्टीवर चढतच नाही. मूठ वळताना जोर लागता कामा नये, आणि पुढे बोटांची टोकं मोकळी हलताही कामा नयेत. एकट्याने सराव करणार असाल तर वेल्क्रोच घ्या, नाडीचे ग्लोव्हज बांधायला दुसरं माणूस लागतं. दिसायला झकास म्हणून चार औंसाचे एमएमएचे (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाचे) ग्लोव्हज घेणारेही असतात. ते पकडापकडीसाठी बोटं मोकळी राहावीत म्हणून बनवलेले असतात, जड बॅगवर तासभर ठोकायला नाही.

एकच जोड बॅगला आणि स्पारिंगलाही, म्हणजे जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीलाही वापरणं, ही आणखी एक काटकसर. लंडनचा मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन याने अठराव्या शतकात सरावासाठी 'मफलर' नावाचे मऊ भरलेले हातमोजे आणले, ते शिकायला आलेल्या बड्या मंडळींचे चेहरे वाचावेत म्हणून. स्पारिंगचे ग्लोव्हज अजूनही समोरच्याचा विचार करतात. बॅगवर रोज आपटून त्यांचा फोम सांध्यांपाशी दबतो, आणि मग जोडीदाराला तुमची हाडं लागतात.

आणि खुद्द बॅग? आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी आत नुसती वाळू भरलेली असते. ठोशांनी ती खाली बसत जाते आणि काही महिन्यांत बॅगेचा खालचा तिसरा हिस्सा दगडासारखा होतो. ग्लोव्हज कितीही जाड घ्या, पोटाच्या उंचीवरचा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, तिथे लागला की हात झिणझिणणारच. बॅग वरपासून खालपर्यंत अंगठ्याने दाबत जा. कुठेच दबली नाही तर रिकामी करा. शिंप्याकडच्या चिंध्या आणि जुने कपडे, बटणं-चेन काढून, थर दाबत दाबत भरा. वजन हवंच असेल तर वाळू छोट्या पिशव्यांत बांधून मधोमध ठेवा, कडेला चिंध्याच. बॅगचं वजन तुमच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असलं की झालं.

एवढं करूनही दुखतंय? मग नेमकं कुठे, ते बघा.

करंगळी-अनामिकेच्या बाजूला दुखत असेल तर ग्लोव्हजना दोष देऊ नका, तुमचा ठोसा तिरका बसतोय. मार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर यायला हवा. करंगळीच्या सांध्यामागचं हाड मोडण्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. तिथे सूज आली आणि सांध्याचा उंचवटा खाली गेलेला दिसला तर थेट एक्स-रे काढा.

मधल्या बोटाचा सांधा आतून ठणकतोय: फोम मेला असेल. ग्लोव्हला बाहेरून अंगठ्याने दाबा, आतली बोटं सहज जाणवली तर तो जोड निवृत्त करा. नुसती कातडी सोलवटत असेल तर पट्टी सरकतेय.

मनगट बहुतेकदा हुक मारताना वळतं. बॅगच्या फार जवळ किंवा फार लांब उभं राहिल्यानेही हेच होतं. पट्टीचे वेढे वाढवा आणि आठवडाभर निम्म्या ताकदीने मारा.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर मात्र घरगुती लेप-शेक नको. तिथल्या स्कॅफॉइड हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतच नाही. डॉक्टरांनी हात बांधून दहा-पंधरा दिवसांनी परत बोलावलं तर जा.

राहिला वास. पावसाळ्यात ओले ग्लोव्हज पिशवीत कोंबून ठेवले की आतून बुरशी धरते, आणि सोललेल्या कातडीला तीच लागते. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली सुकवा. कडक उन्हात नको, चामडं तडकतं. पट्ट्या दर सरावानंतर धुवायच्या, वेल्क्रो बंद करून. नाहीतर बादलीतल्या सगळ्या कपड्यांचे धागे त्यातच अडकतात.