लाईट जायच्या आधी शीट ऑफलाइन करून ठेवा

जूनमध्ये वारा सुटला की देवगड-मालवण पट्ट्यात आधी लाईट जाते, तिच्यामागून राऊटर, आणि थोड्या वेळाने मोबाईलची रेंजही. होमस्टेचं बुकिंग किंवा आंब्याच्या पेट्यांची उधारी गूगल शीट्समध्ये असेल तर नेमकी तेव्हाच ती उघडत नाही. सगळा हिशेब ब्राउझरमध्ये गेला हे चांगलंच झालं, लॅपटॉप बिघडला तरी फाइल शाबूत राहते. पण ऑफलाइनची सोय नेट चालू असतानाच करून ठेवावी लागते.

लॅपटॉपवर क्रोम किंवा एज ब्राउझर वापरा. गूगल ड्राइव्हच्या (जिथे तुमच्या शीट्स साठवलेल्या असतात) सेटिंग्जमध्ये 'ऑफलाइन' चालू करा, मग हव्या त्या फाइलवर राइट-क्लिक करून ती ऑफलाइन उपलब्ध करा. मोबाईलवर फाइलशेजारच्या तीन टिंबांत हाच पर्याय मिळतो. झालं की वायफाय बंद करून एकदा फाइल उघडून बघाच. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत हे चालत नाही. सायबर कॅफेतल्या किंवा चार जणांच्या कॉम्प्युटरवर तर चालू करूच नका, तुमची उधारी कुणीही वाचेल.

नेट नसताना लिहिलेलं रेंज आल्यावर आपोआप वर चढतं. तोवर ब्राउझरचा डेटा साफ करू नका, नाहीतर लिहिलेलं गेलंच म्हणून समजा. दोघांनी एकाच चौकटीत वेगवेगळे आकडे टाकले तर एकच टिकतो. म्हणून मुंबईहून बुकिंग घेणाऱ्या भावाला वेगळा रकाना द्या. तरीही गोंधळ झालाच, तर फाइल मेन्यूतल्या 'व्हर्जन हिस्टरी'त जुनी नोंद सापडते.